वर्षाचं धान्य भरणं फ्लॅटवाल्यांना खरंच परवडतं का?

त्रिमूर्तीनगरची
परवा मुगाचा डबा उघडला तर भुंगे थेट हातावर चढले. एप्रिलमध्ये इतवारीच्या ठोक बाजारातून दहा किलो आणले होते, त्यातले सहा किलो कबुतरांना गेले. सासूबाईंच्या महाल भागातल्या घरी माळा होता, कोठी होती, अंगण होतं आणि दिवसभर घरात तीन बाया होत्या. माझ्याकडे एक बाल्कनी, तीही अर्धी कूलरनं अडवलेली. तरी दर उन्हाळ्यात 'भरून घ्या' हा नेम काही सुटत नाही.

यंदा वहीत मांडून पाहिलं. ऑटो, तिसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली, नवे डबे, माझी एक सुटी आणि फेकलेले मूग. किलोमागे जे पाच-सात रुपये वाचले होते ते यातच जिरले. माझं मत पक्कं झालंय: चार माणसांच्या फ्लॅटमधल्या घरानं महिन्याचं आणावं, कोपऱ्यावरच्या दुकानातून. बोला.

नंदनवनची काकू
भुंगा तुझ्या डब्यात नाही जन्मला बाई, तो शेतातूनच दाण्यावर अंडी घेऊन येतो. ऊन न दाखवता भरले असशील. आपल्या नागपूरचं मे महिन्यातलं ऊन फुकट आहे. दोन दिवस चादरीवर पसरायचं, रात्रभर निवू द्यायचं, मग भरायचं. गरम गरम भरलं की डब्यात घाम सुटतो आणि बुरशी येते. आणि अख्खे मूग वर्षाचे भरायचे काहून? कडधान्याला भुंगा आधी लागतो, डाळीला उशिरा. तुरीच्या डाळीला एरंडेलाचं बोट लावून ठेव, माझी दिवाळीपर्यंत जशीच्या तशी असते.

त्रिमूर्तीनगरची
काकू, दोन दिवस चादरीजवळ बसून कबुतरं हाकलायला घरी कोण आहे? मी साडेनऊला निघते. ऊन फुकट आहे, माणूस फुकट नाही.

हिशोबी भाऊ
दोघी किलोमागचे रुपये मोजून राहिल्या, पण किलो कशाचा ते कोणी पाहून नाही राहिलं. तेलाचा डबा घ्या. एक १५ लीटरचा, एक १५ किलोचा. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आपण म्हणतो हा स्वस्त. तेल पाण्यापेक्षा हलकं, लीटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लीटरच्या आसपास तेल असतं. दीड लीटरचा फरक आहे बाप्पा! पाऊचचंही तेच, दिसायला लीटरचं, मागे बारीक अक्षरात वजन निराळंच.

दुसरं, जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण २५ किलोपर्यंतच्याच पॅकवर. सुट्यावर नाही, त्याहून मोठ्या कट्ट्यावरही नाही. तीस किलोचा कट्टा आणि मॉलमधलं पाच किलोचं चकचकीत पाकीट यांच्यात इथेच फरक पडतो. म्हणून मी काकूंच्या बाजूनं. इतवारी सोडू नका.

एकटा जीव
मी एकटा राहतो. दहा मिनिटांत घरी येतं, लागेल तेवढंच मागवतो, काही सडत नाही. माझा भुंग्याशी संबंधच नाही. तुम्ही लोक तेलाच्या डब्यावर निबंध लिहिता.

हिशोबी भाऊ
@एकटा जीव, शेवटचं बिल उघडून पाहा. डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून टाकलेली चिप्सची पाकिटं वजा करा आणि मग सांगा. परवा भाच्यानं सांबार म्हणजे कोथिंबीर मागवला. जुडी बाजारात दहाची, तिच्यासोबत दोनशेचं सामान आलं.

एकटा जीव
चिप्स मला आवडतात. तो खर्च सांबाराच्या नावावर टाकू नका.

गल्ल्यावरचा पोरगा
माझ्या बाबांचं किराणा दुकान आहे, म्हणून ताईंच्या बाजूनं बोलायला पाहिजे. पण खरं सांगतो. आमचाही माल इतवारीतूनच येतो. वर आमची उधारीची वही, महिनाभर अडकलेला पैसा आणि खराब निघालेला माल, सगळं त्या भावातच बसतं. तरी ताई, तुमच्या मुगात भुंगा निघाला तर तो तुमचा. माझ्याकडच्या किलोभर मुगात निघाला तर तुम्ही पुडी परत आणून आपटता. ते पाच-सात रुपये त्याचेच.

एक गोष्ट मात्र वर्षाची भराच: तांदूळ. बाकी सगळं ठेवलं की उतरतं. तांदूळ जुना होतो तसा मोकळा शिजतो, आणि जुना म्हणून आम्ही भाव वाढवूनच विकतो. भंडारा-गोंदियाचा नवा माल दिवाळीनंतर येतो, तेव्हा घ्या आणि पुढच्या वर्षी खा. आमच्याकडे एचएमटीच जास्त खपतो. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलं आणि त्याला घड्याळाचं नाव पडलं. गिऱ्हाइकांना वाटतं कंपनीचंच आहे.

नंदनवनची काकू
हे पोट्टं शहाणं आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या पाच घरांनी मिळून एक छोटा हत्ती टेम्पो केला होता. भाडं पाचात वाटलं आणि हमालाशी घासाघीस करायला पाच जणी.

त्रिमूर्तीनगरची
तांदूळ मान्य. कूलर डिसेंबरात निघतो, बाल्कनीत तेवढा एक कट्टा बसेल. तेलाचा डबा किलोचा, तेही मान्य. मूग-मटकी महिन्याचीच, यावर कोणी कितीही सांगितलं तरी हलणार नाही. राहिला गहू. तो मी यंदा भरणार नाही, दर महिन्याला दहा किलो आणून दळणार. फक्त हे सासूबाईंना कोण सांगणार ते इथे कोणीच नाही सांगितलं.

नंदनवनची काकू
सांगू नको. जुलैच्या झडीत दुकानातला ओलसर गहू गिरणीत नेशील, पिठाचे गोळे होतील, तेव्हा त्यांना आपोआप कळेल.