मदत हवी आहे: फ्रेंच दरबारातील स्त्रियांच्या किताबांना मराठीत काय म्हणावे?

नमस्कार मंडळी,

व्हर्सायच्या दरबारावरील एका फ्रेंच लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे आणि त्यातील स्त्रियांच्या किताबांपाशी अडले आहे. द्युशेस, मार्कीझ, कोंतेस, व्हिकोंतेस आणि बारॉन ही उतरंड मला ठाऊक आहे. ते शब्द मराठीत कसे आणावेत, हा माझा प्रश्न आहे. (शेवटचा शब्द तर फसवाच आहे. फ्रेंचमध्ये पुरुष 'बारों' आणि स्त्री 'बारॉन', त्यामुळे मराठी वाचक हमखास बायकोलाच नवरा समजेल.)

मूळ अर्थ धरून भाषांतर करून पाहिले. 'द्यूक' म्हणजे सेनानायक, 'मार्की' म्हणजे सरहद्दीच्या मुलखाचा अधिपती, 'कोंत' म्हणजे राजाचा सोबती; परंतु सतराव्या-अठराव्या शतकात हे अर्थ केवळ नावापुरते उरले होते. मग सगळ्यांना सरसकट 'सरदारीण' म्हणावे, तर सरदाराची बायको एवढाच अर्थ लागतो. पण राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचा नवरा मार्की नव्हताच; लुईने १७४५ मध्ये पोंपादूरची जहागीर तिला दिली आणि ती स्वतःच्या हक्काने मार्कीझ झाली. तेराव्या लुईचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याच्या भाचीलाही १६३८ मध्ये एग्वियोंची द्युशेस हा किताब असाच स्वतंत्रपणे मिळाला होता.

शिवाय एकच शब्द वापरला तर दरबारी मानपानाचा सारा मुद्दाच हरवतो. राणीसमोर द्युशेसला 'ताबुरे' नावाच्या बिनपाठीच्या बैठकीवर बसता येई, मार्कीझला मात्र उभे राहावे लागे. पोंपादूरला १७५२ मध्ये द्युशेसचा हा मान मिळाला, तरी ती स्वतःला मार्कीझच म्हणवून घेत राहिली. या वाक्याची गंमत दोन निराळ्या शब्दांशिवाय कळणे शक्य नाही.

सर्वांत अवघड आहे ते नुसते 'मादाम'. चौदाव्या लुईच्या दरबारात नावाशिवाय 'मादाम' म्हटले की राजाच्या भावाची पत्नी, हे सर्वांना कळत असे. 'वहिनीसाहेब' लिहिण्याचा मोह झाला, पण तो भाऊ धाकटा होता आणि धाकट्या भावाच्या बायकोला कोणी वहिनी म्हणत नाही.

तूर्त किताब देवनागरीत तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाला खुलासा द्यावा, असे मनात आहे. परंतु 'मादाम'साठी आपल्या बखरींतून किंवा संस्थानी घराण्यांच्या बोलीतून एखादे चपखल संबोधन कोणाला सुचते का?