मदत हवी आहे: आईच्या आजोबांची कबर आणि जुन्या नोंदी

मृणाल_ठाणे
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आईच्या आजोबांची कबर शोधतेय. मामा लोक सगळे इस्रायलमध्ये अश्दोदला, फोन केला की म्हणतात गावाकडे असेल. अलिबागचं कब्रस्तान बघून आले, अर्धे दगड काळे पडलेत आणि बाकीच्यांवर हिब्रू. आई पुढच्या आठवड्यात परत जातेय, त्याआधी काहीतरी हातात हवंय, प्लीज लवकर सांगा.

अष्टागर
आडनाव? अलिबागच कशावरून?

डेव्हिड_के
दगडबिगड सोडा, डीएनए किट मागवा. माझे तिकडचे चुलतभाऊ तसेच सापडले.

रेवदंडा७२
डीएनएवरून कबर कशी सापडणार? शिवाय आपल्यात पिढ्यानपिढ्या आपसात लग्नं, त्यामुळे लांबचा पण जवळचा दिसतो.

डेव्हिड_के
नातेवाईक सापडले की कबर तेच सांगतील ना.

मृणाल_ठाणे
आडनाव पेझारकर, नाव सामाजी. पलटणीत होते.

अष्टागर
अहो ताई, हेच आधी हवं होतं! पेझारी पोयनाडजवळ, अलिबाग तालुक्यातच. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा, जातीच्या दाखल्यासाठी लोक काढतात तोच, जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. जुनी पानं मोडीत, वाचणारा सोबत न्या. जातीच्या रकान्यात 'इस्रायल' नसेल तर 'शनवार तेली' पण बघा, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्याला तसं म्हणायचे. आणि सामाजी म्हणजे सॅम्युअल, अबाजी म्हणजे अब्राहम, तेव्हा दगडावर 'शमुएल बेन' अमुक असं शोधा, बेनच्या पुढचं नाव वडिलांचं, म्हणजे एक पिढी फुकट मिळते.

रेवदंडा७२
साल हिब्रू अक्षरांत असतं. प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो, त्यांची बेरीज करायची, पाच हजार बहुतेक लिहीत नाहीत, त्यात १२४० मिळवा. ६६८ आलं तर १९०८. फक्त वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, म्हणून तेव्हापासून डिसेंबरपर्यंतचा मृत्यू असेल तर १९०७ धरा.

शलोम_पनवेल
दगडावर दोन हातांची खूण दिसते का? ती कोहेन, म्हणजे ज्यू पुरोहित घराण्याची.

रेवदंडा७२
बेने इस्रायलमध्ये परंपरेने कोहेन नाहीतच, उगाच त्यांना भलतीकडे पाठवू नका.

किहीमची_सून
अलिबागला गेलातच तर तिथल्या जवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नावीच्या टापाला, म्हणजे एलिया प्रेषिताच्या रथाच्या खुणा मानतात त्या जागी जाऊन या, मलिदा करा. पोहे भिजवून गूळ, ओलं खोबरं, वर सुकामेवा नि फळं. आमच्याकडे नवसाला हेच.

अष्टागर
मलिदा नंतर. पलटणीतला माणूस गावातच वारला कशावरून? पेन्शन कुठे घ्यायचे? पुणे, मुंबई, कराचीपर्यंत आपली माणसं होती.

मृणाल_ठाणे
आईला विचारलं. म्हणते मुंबईला मांडवीत राहायचे, शेवटी तिथेच गेले.

अष्टागर
मग आधी महापालिकेची मृत्यू नोंद काढा, आणि मांडवीचं शारे रहामीम सिनेगॉग १७९६ चं आहे, तिथेही विचारा. अंदाजे साल काय?

डेव्हिड_के
किटची लिंक पाठवू का?