बांधावरचे ऐन-किंजळ राखायचे की काजू लावायची?

चाकरमानी_संगमेश्वर
शिमग्याला गावी गेलो तर चुलत्यांनी वरकसाच्या (डोंगरउताराच्या जमिनीच्या) बांधावरचे तीस-चाळीस ऐन-किंजळ ठेकेदाराला तोडायला देऊन काजू लावायचं ठरवलेलं. आजोबांनी राखलेली झाडं ती. दरवर्षी कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायची, वाळली की शेण-पातेऱ्यासकट भातरोपांच्या दाढीवर (वाफ्यावर) भाजायची. झाड परत फुटायचं. माझा विरोध आहे. तुमचं काय?

कलमवाला
मुंबईत बसून विरोध सोपा असतो हो. कवळ तोडायला झाडावर चढणार कोण? आमच्या वाडीत साठीच्या आतले पुरुष पाच! नाचणी पेरावी तर वानरं-डुकरं आपल्याआधी जेवतात. १९९० साली रोजगार हमीतून फळबागा आल्या नसत्या तर ही वरकसं पडीकच राहिली असती. माझी वेंगुर्ला-४ आणि ७ ची काजूकलमं रोकड देतात. ऐन काय देतो?

भातखाचर
कवळ भाजण्यावर, म्हणजे भाजावळीवर, भांडताय कशाला? राखेमुळे रोपाला सिलिका मिळते, तरवा (लावणीची रोपं) सहज उपटतो. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत त्यासाठी भाताच्या तुसाची काळी राख दाढीत मिसळतात. कवळीची गरजच नाही. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, पाला चिखलणीआधी शेतात टाका. (तण मात्र जास्त बेणावं लागतं, ते मान्य.)

माहेर_लांजा
म्हणजे ऐनाला कामच उरलं नाही. बिनकामाचं झाड ठेकेदाराच्या ट्रकातच जातं, दादा. आमच्याकडे भाजावळ थांबली आणि पाठोपाठ बांध उघडे पडले. कोणी मुद्दाम ठरवून नाही तोडले.

कलमवाला
काजू पण झाडच की! सुरुवातीला मधल्या जागेत मी कुळीथ घेतो.

चाकरमानी_संगमेश्वर
सावली पडेपर्यंत. पुढे? खाली गवत नाही म्हणून गुरं विकलीत, आता शेणखत विकत आणता. आणि बीचा दर पडला की बोंब मारणारे तुम्हीच.

कलमवाला
गुरं गवतासाठी नाही विकली. बाबांचे गुडघे गेले म्हणून विकली.

तलाठ्याचा_शेजारी
एक विचारू? ऐन-किंजळ मालकीचे असले तरी तोडायला परवानगी लागते. अर्ज कोणाच्या नावाने केलाय?

चाकरमानी_संगमेश्वर
सातबाऱ्यावर अजून आजोबाच आहेत. वारून बारा वर्षं झाली. दोन आत्या पण हिस्सेदार. काकांना आज फोन लावतो.