'पूर्वीसारखं राहिलं नाही' हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं?

बारावीची_बाई
मी बारावीला इंग्रजी शिकवते. गावच्या आठवडी बाजारावर निबंध दिला होता. निम्म्या वर्गाने लिहिलं, बाजार 'डेड ॲज अ डोडो' झालाय, म्हणजे डोडो पक्ष्यासारखा कायमचा नामशेष. अहो, बाजार अजून दर बुधवारी भरतो! बैलांचे सौदे कमी झाले, कल्हईवाले येईनासे झाले, एवढंच. गाइडवाले असे सगळे वाक्प्रचार एका अर्थाखाली छापून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो. मुलांना छटा कशा समजावू?

परसबाग
मॅडम, बाजाराला 'हॅज सीन बेटर डेज' शोभेल. भरभराट गेली, पण अजून तग धरून आहे. 'गॉन टू सीड' जपून वापरा. लेट्यूस वेळेवर काढला नाही की दांडा वर जातो, फुलं धरतात, पानं कडू होतात. आपली मेथी निबर होते तसंच. लक्ष द्यायला हवं होतं, ते दिलं नाही, असा सूर त्यात येतो. बाजाराचे ओटे, पाणी कुणी बघत नसेल तर खुशाल लिहू द्या.

पोर्टलुईकर
नमस्कार, मी मॉरिशसचा मराठी. पणजोबा उसाच्या मळ्यावर आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. डोडो आमच्या राजचिन्हावर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१५९८ साली डच इथे उतरले. डोडो दिसल्याची १६६२ची नोंद साधारणपणे शेवटची मानतात. म्हणजे शंभर वर्षंसुद्धा नाहीत! त्याला उडता येत नव्हतं, घरटं जमिनीवर. जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी, माकडांनी अंडी फस्त केली, जंगलही तुटत गेलं. इंग्रजीत 'डोडो' म्हणजे मूर्ख असाही अर्थ रूढ आहे, तो मला सहन होत नाही. या बेटावर त्याची शिकार करणारं जनावरच नव्हतं, मग तो कुणाला भिणार? मुलांना हे जरूर सांगा. जे कायमचं गेलं, त्यालाच डोडो म्हणावं.

नाट्यवेडा
'सॅलड डेज'पण घ्या. शेक्सपिअरच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा'त क्लिओपात्रा स्वतःच्या कोवळ्या, अजाण वयाबद्दल ते म्हणते. आता लोक भरभराटीच्या काळालाही वापरतात. मला मूळचा अर्थच जास्त आवडतो.

बारावीची_बाई
सगळ्यांचे आभार. डोडोसाठी आपल्या तारसेवेचं उदाहरण देईन, ती जुलै २०१३मध्ये बंदच झाली. पोर्टलुईकर, तुमचा मजकूर वर्गात वाचून दाखवू का? आणि एकाने 'द शिप हॅज सेल्ड' लिहिलंय, ते?

परसबाग
ते हुकलेल्या संधीबद्दल. बाजारात शेड बांधायला निधी आला होता आणि मुदतीत अर्जच गेला नाही, अशा वेळी. बाजाराच्या अवस्थेला नाही लागू पडत.

पोर्टलुईकर
जरूर वाचा, मॅडम. राजचिन्हाचं चित्रही दाखवा, डावीकडे डोडो आहे.