न मागवलेली पार्सलं, पत्ता आमचा, नाव वहिनीचं (तेही माहेरचं!) हा नक्की काय प्रकार आहे?

खाडीपलीकडची:
नमस्कार मंडळी, जरा डोकं चालवायला मदत करा. आईबाबा चिपळूणला असतात, मी बदलापूरला आणि दादा-वहिनी पुण्यात. गेल्या महिन्यात बाबांना कुरियरवाल्याचा फोन आला, पार्सल आहे, कॅश ऑन डिलिव्हरी, ६९९ रुपये. पार्सलवर वहिनीचं नाव होतं म्हणून बाबांनी विचारलंसुद्धा नाही, पैसे दिले आणि ठेवून दिलं. आम्ही कोणीतरी काहीतरी मागवतच असतो आणि ते घ्यायचं काम बाबांचं, हे वर्षानुवर्षं चालू आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर वहिनी म्हणाली मी काहीच मागवलं नाहीये. उघडलं तर आत साड्या ठेवायची दोन पातळ कव्हर्स, बाजारात शंभरालाही कोणी घेणार नाही अशी.

इथपर्यंत ठीक आहे, फसवणूक म्हणून सोडून दिलं असतं. पण लेबलवर वहिनीचं माहेरचं आडनाव, पत्ता चिपळूणचा आणि मोबाईल नंबर बाबांचा. लग्नानंतर तिने आडनाव बदललेलं नाही पण चिपळूणला तिला सगळे आमच्याच आडनावाने ओळखतात, आणि तिच्या नावापुढे बाबांचा नंबर कोण कशाला टाकेल? मग परवा दुसरं पार्सल आलं, तेच नाव तोच नंबर, पण यावेळी एक रुपयासुद्धा द्यायचा नव्हता! आत फुटकळ कानातले. फुकट वस्तू पाठवून चोराला काय मिळतं हे मला काही केल्या समजत नाहीये. आणि काल बाबांना एका बाईचा फोन, अगदी गोड मराठीत, काका तुमची अजून एक ऑर्डर निघाली आहे नको असेल तर कॅन्सल करून देते फक्त ओटीपी सांगा. बाबांनी मुलीला विचारतो म्हणून फोन ठेवला. आई तेव्हापासून बेल वाजली की दार उघडत नाहीये.

हबवरचा_माणूस:
मी काही वर्षं कुरियरच्या हबवर काढली आहेत तर आतून कसं चालतं ते सांगतो. पाठवणारा माणूस कुरियर कंपनीकडे थेट जातच नाही, मधे शिपिंगची बुकिंग करून देणारी पोर्टलं असतात, तिथे विक्रेता म्हणून खातं उघडायचं, नाव पत्ता फोन रक्कम अशी एक्सेल शीट चढवायची की शेकडो लेबलं एका झटक्यात छापून येतात. ही ऑर्डर खरंच कोणी दिली होती का हे तपासायला कोणी बसलेलं नसतं, आणि डिलिव्हरी करणाऱ्या पोराला तर काहीच माहीत नसतं, त्याच्याशी भांडू नका, त्याला फक्त पैसे जमा करायचे असतात.

रक्कम ६९९ का? कारण एवढ्यासाठी पोलिसात कोणी जात नाही, आणि घरातल्या ज्येष्ठांकडे एवढी कॅश असतेच. नाव घरातल्या पण समोर नसलेल्या माणसाचं असलं की काम फत्ते.

आता महत्त्वाचं. कॅश कुरियरकडे जमा झाली तरी पाठवणाऱ्याला लगेच मिळत नाही, हिशोब होऊन काही दिवसांनी वळती होते. म्हणजे पैसे दिल्यानंतर लगेच लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर (पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) देऊन कुरियरकडे लेखी तक्रार केली तर रक्कम अडकवता येण्याची थोडी तरी शक्यता असते. तुमच्या पहिल्या पार्सलला महिना झाला, ते पैसे बहुतेक गेले. पुढचं आलं तर घ्यायचंच नाही, परत गेलं की त्याच्या वाहतुकीचा भुर्दंड पाठवणाऱ्यावर बसतो, तेवढीच त्याला चपराक.

निवांत_पुणेकर:
फुकटच्या पार्सलचं उत्तर: याला ब्रशिंग म्हणतात. विक्रेता स्वतःच दुसऱ्याच्या नावाने खातं उघडून स्वतःचीच वस्तू मागवतो. पार्सल खरोखर पोचलं की ऑर्डर पूर्ण झाल्याची नोंद होते आणि मग त्या खात्यातून पाच चांदण्या देऊन "खूप छान, मुलीला आवडले" असा रिव्ह्यू टाकता येतो. कानातले दहा-वीस रुपयांचे, जाहिरातीपेक्षा स्वस्तच पडतं. २०२० मध्ये अमेरिकेत हजारो लोकांना न मागवलेल्या बियांची पाकिटं आली होती, बहुतेकांवर चीनचे शिक्के, तिथल्या कृषी खात्याने तेव्हा हाच अंदाज सांगितला होता. म्हणजे तुमच्या वहिनी कदाचित कुठेतरी अगदी उत्साही ग्राहक म्हणून नांदत असतील :)

पण ओटीपीचा फोन तिसराच प्रकार वाटतो. नाव-पत्ता-नंबरांची यादी एकदा फुटली की ती एकाच चोराकडे राहत नाही, विकत घेणारा प्रत्येकजण आपापला धंदा करतो.

स्टेट_ऑफ_माईंड:
बँकेत आहे म्हणून ओटीपीबद्दल लिहिते. ओटीपी कशाचा आहे ते बहुतेक वेळा मेसेजमध्येच लिहिलेलं असतं पण समोरचा बोलत ठेवतो आणि आपण फक्त आकडे वाचून दाखवतो. ती बाई फोनवर असतानाच दुसरा कोणीतरी बाबांच्या नंबरवरून व्हॉट्सॲप किंवा एखादं शॉपिंगचं खातं उघडायला बसलेला असू शकतो. अजून एक, *४०१* ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगतात, त्याने आपले कॉल चोराच्या नंबरवर वळतात. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड डायल करून होणारं फॉरवर्डिंग बंद करायला सांगितलं होतं पण तरी बाबांच्या फोनवर *#२१# करून बघा, काही चालू दिसलं तर ##००२# ने सगळं रद्द होतं. पैसे परत देतो म्हणून क्यूआर पाठवला तर स्कॅन करायचा नाही, पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

वकिलीणबाई_रत्नागिरी:
सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन करा किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, रक्कम छोटी असली तरी. कोणाचं तरी सोंग घेऊन संगणकाच्या मदतीने केलेल्या फसवणुकीला आयटी कायद्याचं कलम ६६ड आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पार्सलचं वेष्टन फेकू नका. शिवाय रिझर्व्ह बँकेचा नियम आहेच, तीन दिवसांत कळवलं तर पूर्ण पैसे परत.

स्टेट_ऑफ_माईंड:
@वकिलीणबाई, तो नियम इथे लागू होत नाही हो. जुलै २०१७ चं ते परिपत्रक खात्यातून आपल्या संमतीशिवाय गेलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी आहे, आणि तेही तीन कामाचे दिवस. इथे बाबांनी हाताने नोटा मोजून दिल्यात. बाकी मुद्द्यांना +१.

वकिलीणबाई_रत्नागिरी:
बरोबर, रोखीला नाही लागू. मग ग्राहक हेल्पलाईन १९१५ चा रस्ता धरा, विक्रेता कोण ते कळलं तर.

हबवरचा_माणूस:
सगळ्यांचं ठीक आहे पण मला ते नाव आणि नंबरचं कॉम्बिनेशन खटकतंय. माहेरचं आडनाव + चिपळूण + बाबांचा नंबर, हे तिन्ही एकत्र वहिनींनी स्वतः कुठेतरी एकदाच लिहिलं असणार. ती जागा सापडली की गळती सापडली. त्यांना विचारा, चिपळूणला असताना काही मागवलं होतं का, रेंज नव्हती म्हणून बाबांचा नंबर दिला असं काही?

खाडीपलीकडची:
हबवरचे दादा, तुमच्या पाया पडते! वहिनीला विचारलं, आधी नाहीच म्हणाली. मग आठवलं, गेल्या गणपतीत इन्स्टाग्रामवर जाहिरात बघून तिने आईसाठी पैठणी काठाचा दुपट्टा मागवला होता, तिच्या सिमला आमच्याकडे रेंज मिळत नाही म्हणून नंबर बाबांचा टाकला. दुपट्टा आला होता नीट, चांगला होता, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच नाही. आता ती साईट उघडत नाहीये. दुकानदाराने यादी विकली की त्याच्याकडून चोरीला गेली की मधल्या पोर्टलवरून बाहेर पडली ते कसं कळणार? १९३० ला केलीये तक्रार, नंबर मिळालाय. *#२१# पण बघितलं, सगळं बंद आहे.

निवांत_पुणेकर:
ते कळणं अवघड, लेबल तर वाटेत प्रत्येकाच्याच नजरेखालून जातं. पुढच्या वेळेसाठी मी करतो ते सांगतो, नवख्या साईटवर मागवताना मधलं इनिशियल दरवेळी वेगळं टाकायचं आणि कुठल्या दुकानाला कुठलं दिलं ते वहीत लिहून ठेवायचं. नको असलेलं पार्सल आलं की इनिशियल बघायचं, लगेच समजतं कुठून फुटलं.

हबवरचा_माणूस:
भारी आहे. फक्त फ्रीज मोबाईल वगैरे घेताना नका करू असलं काही, बिलावरचं नाव जुळलं नाही तर वॉरंटीला रडवतात. आणि ताई, बाबांना एवढंच सांगून ठेवा की पैसे द्यायचं पार्सल असेल तर ज्याचं नाव आहे त्याला आधी फोन लावायचा. पोरगा थांबतो दोन मिनिटं, नाहीच थांबला तर जाऊ दे, ऑर्डर खरी असेल तर उद्या परत येतोच.

खाडीपलीकडची:
सांगितलं. म्हणाले आता तुमच्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा फोन करूनच घेईन.