मदत हवी आहे: दोन जागी ऐकू येणारा मर्मर एका झडपेचा की दोन झडपांचा?

नमस्कार. मी वैद्यकीय विद्यार्थी असून सध्या हृदयाची तपासणी शिकतो आहे. मानेतील कॅरोटिड नाडीवर बोट ठेवून मर्मर (ठोक्यांदरम्यान ऐकू येणारा रक्तप्रवाहाचा जादा आवाज) सिस्टॉलिक (हृदय आकुंचन पावतानाचा) की डायस्टॉलिक (ते सैल होतानाचा) हे ठरवणे आता अंगवळणी पडले आहे. डायस्टॉलिक मर्मर, मुळात ऐकू आला तर, ओळखताही येतो: रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोपच्या बेलने (घंटेसारख्या बाजूने) ऐकलेली खोल घरघर मायट्रल स्टेनोसिसची (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप अरुंद होण्याची), आणि पुढे वाकून श्वास सोडून रोखल्यावर उरोस्थीच्या डाव्या कडेला येणारा, उतरत जाणारा फुत्कार एऑर्टिक रिगर्जिटेशनचा (हृदयातून महाधमनीत उघडणारी एऑर्टिक झडप गळण्याचा).

अडचण सिस्टॉलिक मर्मरची आहे. एऑर्टिक स्टेनोसिसचा मर्मर उरोस्थीच्या उजवीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधल्या जागेत ऐकू येतो व मानेकडे पसरतो, तर मायट्रल रिगर्जिटेशनचा टोकाशी ऐकू येऊन काखेकडे जातो, असे आम्हाला शिकवले आहे. मात्र एका वृद्ध रुग्णाच्या छातीवर वर खरखरीत आणि टोकाशी जवळजवळ सुरेल, असे दोन सिस्टॉलिक आवाज मला ऐकू आले. मी दोन्ही झडपा बिघडल्याचे लिहिले; शिक्षक "झडप एकच आहे" एवढेच म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळले. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) उत्तर मिळेलच, पण ते केवळ कानाने कसे ओळखावे?

प्रतिसाद:

आपण ऐकलेला प्रकार गॅलावार्डिन आविष्कार म्हणून ओळखला जातो. कॅल्शियम साचून ताठरलेल्या एऑर्टिक झडपेच्या आवाजातील उच्च कंपने टोकाकडे पोहोचतात आणि खरखर मानेकडे जाते, त्यामुळे एकच मर्मर दोन वाटतो. टोकाचा आवाज काखेत ऐकू येत नसेल, तर प्रथम हीच शंका घ्यावी. एखादा ठोका वेळेआधी पडून नंतर लांब विराम आला, तर पुढच्या ठोक्याला स्टेनोसिसचा मर्मर मोठा होतो, कारण त्या वेळी झडपेतून अधिक रक्त बाहेर पडते. मायट्रल रिगर्जिटेशनचा फारसा बदलत नाही. मला ही खूण सर्वांत भरवशाची वाटते, पण ती रुग्णाच्या ठोक्यांवर अवलंबून असते. मूठ घट्ट आवळायला लावल्यास उलट घडते: मायट्रलचा वाढतो, स्टेनोसिसचा तसाच राहतो किंवा मंदावतो. मात्र रुग्ण मूठ आवळताना नकळत श्वास रोखून कुंथतो आणि मग दोन्ही मर्मर मंदावतात, म्हणून त्याला त्या वेळी बोलते ठेवावे आणि तो बोलायचा थांबला की लगेच ऐकावे.