प्रतिसाद: लिहिलेलं कामगार वाचतच नाहीत?

वर कुणीतरी म्हटलंय की छोट्या धंद्यात कामाचे नियम लिहून भिंतीवर लावले तरी कामगार वाचत नाहीत. खरंय, भिंतीवरचा कागद आठवड्याभरात कॅलेंडरसारखा दिसेनासा होतो. म्हणून नियम कामासोबत फिरायला हवेत.

छापखान्यातली जॉब कार्डाची पद्धत बघा. लग्नपत्रिकेची ऑर्डर आली की कार्ड भरायचं: गिऱ्हाइकाचा मोबाइल, साइज, कागद (३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं जाड आर्ट कार्ड, की साधा), नग, रंग, अ‍ॅडव्हान्स, द्यायची तारीख. ते कार्ड डिझाइनपासून कटिंगपर्यंत त्या कामाबरोबरच जातं. सगळ्यात महत्त्वाचा रकाना प्रूफवरच्या, म्हणजे छापण्याआधी तपासायला दिलेल्या नमुन्यावरच्या, सहीचा! मुहूर्ताची वेळ नि आजोबांचं नाव गिऱ्हाइकाने तपासून सही केल्याशिवाय छपाईची प्लेट काढायचीच नाही. नाहीतर ५०० पत्रिका रद्दीत आणि भांडण वेगळंच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला 'ओके' चालेल, पण तो कोणत्या प्रूफला, हे कार्डावर लिहा.

आणखी एक, कार्डातले रकाने मशीनवाल्याला विचारून ठरवा. मालकाने एकट्याने केबिनमध्ये बसून बनवलेला फॉर्म कुणी मनापासून भरत नाही. उधारीची वही मात्र मालकाने स्वतः, रोज संध्याकाळी गल्ला मोजतानाच लिहावी.